प्रत्येकी एक खंडी

आमच्या संस्थेचं नाव एवढं लांब होतं की रंगाऱ्याला 'मर्यादित' हा शब्द पाटीच्या खालच्या कोपऱ्यात चेपून बसवावा लागला. श्री बिरोबा मेंढपाळ व लोकर उत्पादक सहकारी संस्था. मी तिचा मानद सचिव. मानद म्हणजे काम फुकट करायचं आणि वर बोलणी खायची. नोकरी माझी बारामतीला, एमआयडीसीतल्या एका डेअरीत, आणि खोलीही तिकडंच. सुट्टी मिळाली की एम-एटीला किक मारायची, इंदापूर ओलांडून बावड्याच्या रस्त्याला लागायचं आणि वस्तीवर जाऊन जेवणाआधी संस्थेचे कागद उरकायचे, असं अकरा वर्षं चाललं होतं.

कागद म्हणजे मुख्यतः एकच, वर्षाचं पत्रक. त्यात सभासदाचं नाव, गाव आणि शेवटच्या रकान्यात मेंढरांची संख्या. सभासद एकोणसाठ. नावं मी मागच्या वर्षावरून उतरवायचो, शेवटच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'वीस' लिहायचो आणि खाली तळापर्यंत कित्ता, कित्ता, कित्ता. सभासद व्हायला निदान एक खंडी मेंढरं पाहिजेत असा संस्थेचा नियम, आणि खंडी म्हणजे वीस. तेव्हा प्रत्येकी एक खंडी. ज्याच्याकडे तीनशे होती त्याचीही खंडीच.

याला लबाडी म्हणाल तर म्हणा, पण आधी ऐकून घ्या. आमच्यात मेंढरांचा आकडा तोंडातून काढत नाहीत. काढला की कळपाला नजर लागते. कुणी विचारलंच तर "हायेत बिरोबाच्या कृपेनं" एवढंच उत्तर, आणि जास्त खोदून विचारलं तर समोरचा तंबाखूची चंची काढतो. आकडा नसला म्हणून काही अडत नाही. माझे चुलते सोनबाआबा, संस्थेचे पहिल्यापासूनचे चेअरमन, संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाड्यात शिरताना नुसते कडेला उभे राहायचे. सगळी आत गेली की म्हणायचे, "ती डाव्या कानावर डाग असलेली आली न्हाय." आणि ती खरंच आलेली नसायची. ज्याला प्रत्येकीचं तोंड ओळखता येतं त्याला बेरीज कशाला लागते?

संस्था निघाली चौसष्ट साली. तेव्हा आमच्या मुलखात सहकाराची हवा होती. साखर कारखान्याचे भाग गोळा करायला माणसं गावोगाव फिरत होती, कुठं दुधाची संस्था, कुठं विकास सोसायटी, आणि ज्याला काहीच सुचत नव्हतं तो विटांची संस्था काढत होता. अशातच सहकार खात्याचे एक साहेब जीपमधून आमच्या माळावर आले आणि सहकार म्हणजे काय ते समजावू लागले. सहकार म्हणजे एकमेकांच्या कामाला धावून जाणं वगैरे. माझा बाप भीमा, आबांचा थोरला भाऊ, म्हणाला, "सायेब, तुमी कातरणीला या."

साहेब खरंच आले. त्यांनी पाहिलं की एकाच्या कळपाची लोकर कातरायला चाळीस माणसं कात्र्या घेऊन बसली आहेत. मजुरी कुणाला नाही. ज्याचा कळप त्यानं बकरं कापायचं आणि सगळ्यांना भाकरी घालायची. दुसऱ्या दिवशी तीच चाळीस माणसं दुसऱ्याच्या कळपावर. साहेब म्हणाले, अहो, तुमची संस्था तर आहेच, फक्त कागद नाही. तो माणूस आज हयात असेल तर मी त्याच्या पाया पडेन.

पण कागदाला आकडा लागतो. साहेबांनी एकेकाला विचारलं आणि चाळीसच्या चाळीस माणसं जमिनीकडे बघत बसली. साहेबांचं तोंड पडलं. माझ्या बापाला ते बघवलं नाही. त्यानं आपल्या कळपाचा आकडा सांगून टाकला. साहेबांनी तो लिहिला, मग बाकीच्यांची तोंडं बघितली आणि काय ते समजले. उरलेले कळप त्यांनी स्वतः वाड्याच्या तोंडाशी बसून मोजले. खंडी झाली की एक खडा खिशात. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. त्या खड्यांच्या जोरावर आम्हाला बारा एकर सरकारी माळ मिळाला. अट एवढीच की संस्थेच्या सभासदांकडे मिळून दोन हजारांच्या खाली मेंढरं जाता कामा नयेत. अट वाचून तेव्हा सगळे हसले होते म्हणे.

त्याच भादव्यात माझ्या बापाच्या कळपात रोग शिरला. शेजारच्या कळपांत दोनचार गेली, आमच्यात खंडीभरसुद्धा उरली नाहीत. उरलेली विकून बाप कालव्याच्या मातीकामावर गेला आणि मला शाळेत घातलं. आकड्यामुळे झालं असं तो कधी बोलला नाही. आकड्यामुळे झालं नाही असंही त्याला कुणी म्हणालं नाही.

माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. डेअरीत मी दिवसभर दुधाचं फॅट काढतो, मला आकड्याची भीती वाटून चालेल कसं? पण भीमाच्या पोरानं दारोदार जाऊन "तुमची मेंढरं किती?" असं विचारायचं हे मला जमण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कित्ता लिहिणं सोपं होतं. नाव बिरोबाचं, सोय माझी.

तीस वर्षांत मुलूख पालटला. कालवा आला, ऊस आला, सहकाराने लोकांची घरं वर काढली, त्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. माझ्या पोटात जातं तेही सहकाराच्या दुधाचंच. पण पूर्वी ज्या पडीक रानांत मेंढरं चरायची तिथं बांधाला बांध लावून ऊस उभा राहिला. लोकरीला कुणी विचारीनासं झालं. संस्थेकडे राहिलं काय, तर तो बारा एकर माळ, पत्र्याची शेड आणि औषधाचा हौद. दसऱ्यानंतर कळप कोकणाकडे जायचे ते जूनमध्ये परत यायचे. मग एकेका मेंढराला त्या हौदातल्या औषधात बुचकळून गोचीड मारायची आणि दसऱ्यापर्यंत तिथंच राहायचं. पावसाळ्याचे ते चार महिने उसाच्या मुलखात मेंढरांना पाय टेकायला तेवढी एकच जागा होती. ती गेली तर एकोणसाठ घरांनी कळप विकण्याशिवाय दुसरं काही उरत नव्हतं.

पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर सहकार खात्याच्या कचेरीचा कागद आला. मजकूर थोडा आणि सरळ होता. जमीन दोन हजार मेंढरांच्या अटीवर दिली आहे. आपल्याच पत्रकांप्रमाणे आपल्याकडे एक हजार एकशे ऐंशी आहेत. तरी संस्थेची नोंदणी रद्द करून जमीन परत का घेऊ नये, याचा खुलासा महिनाअखेरच्या सुनावणीत करावा.

एकोणसाठ गुणिले वीस. मी हौदाच्या काठावर बसून गुणाकार पुन्हा करून पाहिला. माझ्याच अक्षरातली अकरा वर्षांची पत्रकं होती ती, आणि त्याआधीची माझ्या आधीच्या सचिवाची. आमच्याविरुद्धचा सगळा पुरावा आम्हीच दरसाल टपालखर्च करून पाठवला होता. आणि कळप तर केव्हाच निघून गेले होते. आबांचा मुलगा संभाजी आणि पोटुशी सून म्हाळसा मेंढरं घेऊन पुण्याच्या पलीकडे कुठंतरी होती. वस्तीवर म्हातारी माणसं आणि कुत्री.

मी आधी एकटाच कचेरीत गेलो. साहेब तरुण होते, त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. वाईट माणूस असता तर मला बरं पडलं असतं. मी म्हटलं, "साहेब, हे आकडे खरे नाहीत."

"मग खोटे का लिहिलेत?"

मी सगळं सांगितलं. नजर, माझा बाप, खडे, सगळं. सांगताना मलाच ते शाळेतल्या पोराच्या सबबीसारखं ऐकू यायला लागलं.

"मेंढरं दाखवा."

"जूनला येतील."

"जूनपर्यंत मी थांबू शकत नाही. मला वरून तारीख आहे. जनावरांच्या दवाखान्याची नोंद?"

तिथंही खंडीच होती. लस आमची माणसं दवाखान्यातून घेऊन यायची आणि स्वतः टोचायची. साहेबांनी पेन टेबलावर आपटत थोडा विचार केला. "असं करा. सुनावणीला अध्यक्षांना आणा. त्यांनी माझ्यासमोर जबाबदारीने आकडा सांगितला तर मी तो लिहून घेईन. त्याच्यावर वर मुदत मागून बघता येईल. पण आकडा पाहिजे. 'भरपूर आहेत' असं चालणार नाही."

ही एवढीच फट होती. मी वस्तीवर येऊन आबांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "म्या तोंडानं सांगायचा?" मी म्हटलं, व्हय. चुलीपाशी सारजाकाकी होती. तिनं भाकरी थापायची थांबवली.

"भीमाभावजींचं इसरला का?" ती आबांना म्हणाली.

"इसरलो असतो तर तीस वरसं गप बसलो असतो का?"

"संबाजी अजून वाटंवर हाय. म्हाळसाला सातवा लागलाय."

"परत आल्यावर ऱ्हायाची कुठं? त्वा सांग."

काकी पुन्हा भाकरी थापू लागली.

दोन दिवस आबा हौदापाशी बसून होते. पावसाळ्याच्या तोंडाला एकोणसाठ कळप त्या हौदातून त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले होते, ते सगळे त्यांनी डोळे मिटून पुन्हा जाऊ दिले. खंडी झाली की एक खडा. एकेका घराची एकेक ओळ. मधेच थांबून म्हणायचे, "सर्जेरावाची ती लंगडी, ती मेली का ऱ्हायली रं?" मी कसा सांगणार? मग स्वतःच म्हणायचे, "ऱ्हायली." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला ओळी मोजायला लावल्या आणि आकडा माझ्या कानात सांगितला. दोन हजारांच्या दुपटीहून पुष्कळ जास्त. बोलून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं.

सुनावणीच्या दिवशी आबांनी धुतलेलं तांबडं पागोटं बांधलं. काकी दारात आली नाही. आम्ही सकाळच्या एसटीने गेलो आणि कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर चार वाजेपर्यंत बसलो. बाकावर आमच्यासारखेच आणखी पाचसहा चेअरमन होते. एक दुधाचे, एक विणकरांचे, एकाची संस्था कसली ते त्याला स्वतःलाही नीट सांगता येईना. आबांचे ओठ हलत होते. आकडा विसरू नये म्हणून मनात म्हणत असतील असं मला वाटलं. नंतर कळलं, ते बिरोबाची माफी मागत होते.

आत गेल्यावर आबांनी वहाणा दाराशी काढल्या. साहेब कामाच्या गर्दीत होते, कुणीतरी मोठी माणसं दुसऱ्या दिवशी तालुक्यात यायची होती आणि फोन थांबत नव्हता. "बोला आजोबा," ते म्हणाले.

आबांनी डोळे मिटले. मला वाटलं होतं ते एकदम शेवटची बेरीज सांगतील. पण त्यांनी घरवार सुरू केलं. ह्याच्या इतक्या खंड्या आणि वर इतकी, त्याच्या इतक्या. एकोणसाठ घरं. मधे दोनदा फोन आला, आबा तेवढ्यापुरते थांबले आणि पुन्हा तिथूनच पुढं निघाले. सगळ्यात शेवटी स्वतःचं घर. मग सगळ्यांची मिळून बेरीज, मोठ्यानं, शाळेत पाढा म्हणावा तशी. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. तीस वर्षं सांभाळलेली गोष्ट त्या माणसानं सरकारच्या टेबलावर ठेवली होती आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

"लिवलं का सायेब?" आबांनी विचारलं.

"लिहिलं, आजोबा. या तुम्ही."

बाहेर आल्यावर आबा पायरीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. पाणी मागितलं. मी म्हटलं, "आबा, झालं काम." ते म्हणाले, "व्हय. लिवलं म्हणला."

पंधरा दिवसांनी हुकूम आला. नोंदणी रद्द. जमीन महिन्याच्या आत ताब्यात द्यावी. मुदतीबिदतीचा शब्द नव्हता. मी तो आबांना वाचून दाखवला. त्यांनी कागद घडी करून पागोट्यात खोचला. बोलली ती काकी.

"रान गेलं ते गेलं. मानसिंग, त्यो आकडा परत आण."

मला कळेना. "कसला आकडा?"

"ह्यांनी सांगितला त्यो. त्यांच्या कागदावर लिवलाय न्हवं? त्यांनी रान तर दिलं न्हाय, मंग आमचा आकडा कशाला ठिवायचा? संबाजी अजून घाट उतरला न्हाय. त्यो उतरायच्या आदी खोडून आण."

"काकी, सरकारी कागद असा खोडता येत नसतो."

"तुझ्या कागदापायी समदं झालं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "येवढं तरी कर."

रजा टाकून मी कचेरीत गेलो. एवढं शिकलेला, फॅट काढणारा माणूस, आणि वाटेत मी खरोखर विचार करत होतो की कारकुनाची नजर चुकवून त्या ओळीवर शाई सांडता येईल का. साहेब दौऱ्यावर होते. कारकूनबाई भली होती. मी सचिव म्हटल्यावर तिनं फाइल काढून दिली आणि म्हणाली, इथंच बसून बघा.

सुनावणीचा कागद सापडला. तीन ओळी होत्या. 'संस्थेचे अध्यक्ष व सचिव हजर. अध्यक्षांनी तोंडी म्हणणे मांडले. लेखी पुरावा सादर केला नाही.' मी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी. पुढची पानं चाळली, मागची चाळली. बाई म्हणाली, "काय शोधताय?"

"आकडा."

"कुठला आकडा?"

मी खोडायला गेलो होतो आणि तो नाही म्हणून माझा संताप झाला. त्या बाईवर ओरडावं असं वाटलं. तिचा काय दोष? साहेबांचाही काय, त्यांनी लिहिला असता तरी अकरा वर्षांच्या माझ्या कित्त्यांपुढे तो टिकला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं. फाइल परत दिली, आभार मानले आणि बाहेर पडलो. वाटेत गाडी दोनदा बंद पडली.

वस्तीवर पोचलो तेव्हा काकी अंगणातच उभी होती. मी म्हटलं, "काकी, काळजी सोड. आकडा लिवलाच न्हाय त्यांनी. कुठंच न्हाय."

"बिरोबाची आण?"

"बिरोबाची आण. सगळी फाइल बघितली."

तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि खाली बसली. महिनाभरात तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मला गुळाचा खडा आणून दिला. मी तो तोंडात टाकला आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. आबा हौदापाशी होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी तिकडे गेलो. खड्यांच्या ओळी अजून तशाच होत्या, एकोणसाठ.

"लिवलाच न्हाय?" आबा म्हणाले.

"न्हाय आबा."

"मला म्हणला लिवलं."

मी तोंडातला गूळ गालात सारला.

"म्या दोन दिवस बसून काढला. देवाला तोंड दावायला जागा ठिवली न्हाय." त्यांनी खड्यांच्या ओळींवरून हात फिरवला. "मंग म्या सांगितला कुणाला?"

सांगायला लावलं मी, लिहून घेतील असा शब्द दिला मी, आणि लिहिलं नाही हे आनंदाने ओरडत आलो तोही मीच. आबा एकेक खडा उचलून हौदात टाकू लागले. पाणी नव्हतं हौदात, खडा तळाला लागल्याचा आवाज यायचा. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू हुतास की तितं. तुझ्या तरी ध्यानात हाय का?"

त्यांना एवढंच हवं होतं, की निदान एका माणसाने ऐकलं. मी तोंड उघडलं. काकी आमच्या मागं येऊन उभी राहिली होती. ती माझ्याकडे बघत होती. घाट अजून उतरायचा होता.

"न्हाय आबा," मी म्हटलं. "न्हाय ऱ्हायला ध्यानात."

आबांनी मान हलवली आणि पुढचा खडा उचलला.

जूनमध्ये संभाजी नीट परत आला, म्हाळसाच्या कडेवर पोरगी होती. माळाला तोवर तारेचं कुंपण पडलं होतं. मेंढरं चार दिवस रस्त्याच्या कडेनं फिरवली आणि मग निम्म्याहून जास्त बाजाराला नेली. आबांनी मला तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही, आणि पुढच्या वर्षी ते गेले.

आकडा मला आजही तोंडपाठ आहे. इतकं सगळं लिहिलं, तोही लिहून टाकावा असं दोनदा मनात आलं. पण संभाजीकडे अजून थोडी मेंढरं आहेत. किती ते मी त्याला विचारलेलं नाही.